दाढी कोण काढणार?

3 ऑगस्ट 2025, रविवार

पाऊस लागून राहिल्यामुळे गणेश मंडळाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. यंदा डीजे नाही. वाचलेल्या पैशांतून स्वामी रामानंद तीर्थांवर पाऊण तासाचा चित्रपट करायचा आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या संध्याकाळी, पटांगणात पडदा बांधून दाखवायचा असं ठरलं. ठरवणाऱ्या निम्म्या पोरांना स्वामीजी म्हणजे नांदेडचं विद्यापीठ एवढंच ठाऊक आहे. ते असो. डीजे बंद होतोय म्हटल्यावर मी कशालाही तयार झालो असतो. दिग्दर्शन माझ्याकडे आलं, कारण जन्मभर स्नेहसंमेलनं बसवली. कॅमेरा बार्शीच्या एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे. त्याचा पहिला प्रश्न ड्रोनचा.

दुसरा प्रश्न मंडळाच्या खजिनदाराचा. "सर, सुबोध भावेंना विचारून बघायचं का?"

हसण्यासारखं काही नव्हतं. बालगंधर्व 2011 साली, लोकमान्य 2015 साली, काशिनाथ घाणेकर 2018 साली. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं थोर पुरुष म्हटलं की आता तोच चेहरा येतो. मी म्हणालो, विचारा की, पण मानधनाचं पाकीट तुम्ही घेऊन जा. विषय संपला.

5 ऑगस्ट

आराखडा मांडत बसलो. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातलं सिंदगी. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. मजूर चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली काम, मग आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक, संन्यास, आंबेजोगाईची योगेश्वरी, 1938 चा सत्याग्रह, तुरुंग, स्टेट काँग्रेसचं नेतृत्व. एवढं पाऊण तासात कोंबायचं म्हणजे एकेका प्रसंगाला इयत्ता चौथीच्या धड्याइतकीच जागा.

आणि गोची वेगळीच आहे. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना अटक झाली. मधे सुटले, जानेवारीत पुन्हा आत गेले. 13 सप्टेंबर 1948 ला फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या, सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या, 17 तारखेला निजाम शरण आला, तेव्हा नायक तुरुंगात. चित्रपटाच्या ऐन रंगात नायकच पडद्यावर नाही! मुंबईचा निर्माता असता तर त्याने स्वामीजींना घोड्यावर बसवून नळदुर्गला पोहोचवलं असतं. मी ठरवलं, नायक आत आहे तेवढा वेळ चित्रपट सरहद्दीवरच्या माणसांचा. बार्शी स्वतंत्र भारतात, आपण निजामाकडं, मधे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके आणि पलीकडं बार्शीच्या बाजूला कार्यकर्त्यांचे कॅम्प. नाक्यावरचा कारकून, निरोप नेणारी बाई, अमीन, पोलीस पाटील, निजामाच्या बाजूनं लढणारे रझाकार. म्हणजे स्वामीजी एक आणि बाकीचे चाळीस. पात्रनिवड त्या चाळिसांची करायची आहे, हे मंडळाला अजून उमगलेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या एकावर.

9 ऑगस्ट, राखीपौर्णिमा

जागा बघायला बाहेर पडलो. 1947 चं गाव शोधायचं म्हणजे आज असलेल्या गोष्टी वगळत जायचं. हमरस्ता गेला. सिमेंटचे विजेचे खांब गेले. पाण्याच्या काळ्या टाक्या गेल्या. एका टेकाडावर उभं राहिलो, खाली हिरवं रान, पलीकडं लिंबाची झाडं, अगदी हवं तसं. कॅमेरेवाल्यानं डोळा लावला आणि म्हणाला, "सर, पवनचक्की." उजवीकडं वळवला, तिकडंही पवनचक्की. वाशी-भूमच्या माळावर आता जिथं आभाळ दिसतं तिथं पातं फिरतं. शेवटी ठरलं की कॅमेरा खाली झुकवून ठेवायचा. निजामाच्या राज्यात कुणी मान वर करत नव्हतं, असं कॅमेरेवाल्यानं स्वतःचं समाधान करून घेतलं. पोरगा हुशार आहे. ड्रोनचंही नाव त्यानं मग काढलं नाही.

हिप्परग्याच्या शाळेसाठी एक माळवदाचं घर मिळालं. जाड मातीच्या भिंती, ढाळज शाबूत, सवण्यातून उजेडाचा एकच पट्टा जमिनीवर पडतो. घरची म्हातारी म्हणाली, पोरं बसवा, पण माळवदावर चढू देऊ नका, गळतंय. भाड्याचं विचारलं तर रागावली.

10 ऑगस्ट, रविवार

आज चाचणी. सकाळपासून पोरांची रांग. येरमाळ्याची, वाशीची, पारगावची, काही कळंबहून मोटारसायकलवर तिघं तिघं बसून आलेली. आलेला प्रत्येक जण दाढीवाला. फेब्रुवारीत ‘छावा’ लागल्यापासून या भागातल्या न्हाव्यांचा धंदा निम्म्यावर आला असेल. विकी कौशलनं दाढी वाढवली, शरीर कमावलं, घोडा शिकला. आमच्या पोरांनी त्यातलं बिनखर्चाचं तेवढं उचललं.

मी म्हणायचो, काहीतरी बोलून दाखव. की लगेच छाती पुढं, डोळे वटारलेले आणि डरकाळी. शाळेच्या पत्र्याखाली ती अशी घुमायची की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दोनदा हंबरली. एकाला विचारलं, "बाबा, स्वामीजी शिक्षक होते. वर्गात असे ओरडत असतील का?" तो म्हणाला, "सर, तुम्ही तर ओरडत होता." माझा विद्यार्थी निघाला.

मग मी स्वामीजींचा फोटो सगळ्यांना दाखवला. दाढी नाही. "ज्याला काम मिळेल त्याला दाढी काढावी लागेल." अशी शांतता पसरली की पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. रांग पातळ झाली. एक जण दारातून म्हणाला, "मोबाइलमधी काढता येती की सर दाढी. फिल्टर असतंय."

11 ऑगस्ट

नकार ऐकून फाळके आठवले. 1912 साली ते ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करत होते तेव्हा तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. जाहिराती झाल्या, नाचगाण्यातल्या बायकांना विचारून झालं, त्यांनीही नाही म्हटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात अण्णा साळुंखे सापडले. महिना दहा रुपयांवर होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारतीय चित्रपटाची पहिली नायिका मिळाली. काम करणाऱ्या पुरुषांना सांगितलेलं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे म्हणा, सिनेमात म्हणू नका. परेश मोकाशींनी 2009 साली याच सगळ्या खटपटीवर चित्रपट केला आणि फाळके म्हणून घेतले आपल्या मराठवाड्याचेच नंदू माधव. पुढं याच साळुंख्यांनी 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. मी विचार करतो, त्यातली अवघड कुठली असेल? मला वाटतं राम. बाईची भूमिका करताना निदान लोक मेहनत बघतात.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’चीही तीच गोष्ट. 1936 साली तुकाराम कोण, तर रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस. दामले-फत्तेलालांना आधी ते पटत नव्हतं असं सांगतात. आणि जिजाई कोण, तर प्रभातमध्येच किरकोळ कामं करणारी गौरी. ती घेतली, म्हणून ती म्हैस खरी वाटते, ते भांडण खरं वाटतं. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचं कौतुक झालं. माझ्या मते त्यातला अर्धा वाटा गौरीचा. तुकाराम भोळा आहे हे आपल्याला तिच्या वैतागातून कळतं.

साम्य शोधत फिरू नये, हे यातून मी घेतलं. बेन किंग्सलेंचे वडील गुजराती होते म्हणून ते गांधी झाले असं नाही. जब्बार पटेलांनी बाबासाहेबांसाठी थेट केरळातले मामूट्टी आणले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारं काम करून घेतलं. मिशीशिवाय ज्यांना कुणी ओळखलं नसतं अशा माणसाची मिशी गेली. आणि आमच्या पोरांना दाढी सोडवत नाही.

14 ऑगस्ट

चाचणीची पद्धत बदलली. संवाद नाही, फोटोशी चेहरा ताडून बघणं नाही. चौथीचा वर्ग सुटायच्या आधीची शेवटची दहा मिनिटं उमेदवाराला द्यायची. काय शिकवायचं ते शिकवा. पोरं गप्प बसली पाहिजेत आणि तुम्ही ओरडता कामा नये.

पहिल्यानं पाढे घेतले, आवाज चढत गेला. दुसऱ्यानं विनोद सांगितले, वर्ग हातातून गेला. तिसरा रडकुंडीला आला. मग वाशीचा एक एस.टी. वाहक उठला. तो चाचणीला आलाच नव्हता, भाच्याला शाळेतून न्यायला आला होता, खाकी अंगावरच. तो फळ्यापुढं गेला आणि काहीच बोलला नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाची वही घेतली, उलटी करून सरळ केली, परत दिली. दुसऱ्याची घेतली. तिसऱ्यापर्यंत येईतो मागची पोरं उभी राहून बघायला लागली, हा काय करतोय म्हणून. मग तो हळू म्हणाला, "बसा. सगळ्यांपाशी येतो." आणि खरोखर सगळ्यांपाशी गेला.

बाहेर आल्यावर विचारलं, हे कुठं शिकलात? "बाजारादिवशीची कळंब गाडी, सर. नव्वद माणूस असतंय. वरडून कोण ऐकायलंय? एकेकापाशी जावं लागतंय."

दाढी आहे का, तर नाही. खात्यात चालत नाही म्हणाला.

17 ऑगस्ट, रविवार

स्वामीजी मिळाले, आता रझाकार. मी मंडळापुढं यादी ठेवली आणि सगळे जमिनीकडं बघायला लागले. सात रझाकार पाहिजेत. एकही हात वर नाही. ज्यांच्या घरात त्या दिवसांच्या आठवणी आहेत त्यांना तर ते नावही नको. एकाची पणजी ज्वारीच्या रानात दोन रात्री लपून होती, त्याची आई म्हणाली, माझ्या पोराच्या अंगावर तो पोशाख चढू देणार नाही.

कुणीतरी मागून म्हणालं, "सोपं आहे की. मुसलमान गल्लीतली पोरं घेऊ."

ज्यानं हे म्हटलं त्याच्या मनात वाईट नव्हतं, एवढं मी त्याला ओळखतो. दाढी असेल, उर्दू येत असेल, सोय होईल, इतकाच हिशोब. म्हणूनच ते जास्त टोचलं. मी बैठक तिथंच थांबवली.

18 ऑगस्ट

मामूंकडं गेलो. तेरखेड्यात दारूकामाची घराणी बरीच आणि कारखाने गावाबाहेर, पण औटाचा बार कसा भरावा याबद्दल दोन कारखान्यांत वाद झाला की माणूस मामूंकडं येतो. वय झालं, बोटांची टोकं काळी पडलेली, ती आता धुऊन जाणार नाहीत. बंदुकांच्या आवाजासाठी त्यांची गरज होती, पण बैठकीतली गोष्ट त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती.

"मास्तर, रझाकार आमचीच पोरं करणार म्हणं."

मी म्हणालो, नाही, ते मी होऊ देणार नाही. उलट मी तुमच्या नातवाला शोएबुल्ला खान करायचं म्हणतोय. आणि ‘इमरोज’च्या त्या तरुण संपादकाची कथा सांगायला लागलो. उर्दू वर्तमानपत्र चालवायचं आणि त्यातूनच रझाकारांवर टीका करायची, भारतात सामील व्हा म्हणून लिहायचं, याला काय छातीचा कोट लागला असेल!

मामूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडं दोनच खण. एक वाईट मुसलमानाचा, एक चांगल्या मुसलमानाचा. साधा खण नाही का? माझा नातू नाक्यावरचा कारकून का नाही होऊ शकत? बोलायला लई हुशार है. हसवतो."

चहा आला. मला बोलायला काही सुचलं नाही. चहात खव्याची चव लागत होती, या भागात दूध जास्त झालं की ते खव्याच्याच भट्टीवर जातं. मामू पुढं बंदुकांवर बोलायला लागले, जणू आधीचं काही झालंच नव्हतं.

22 ऑगस्ट, पोळा

सकाळी बैल सजवून मिरवले. दुपारी कॅलेंडरकडं बघताना लक्षात आलं, शोएबुल्ला खान गेले तो हाच दिवस. 21 ऑगस्ट 1948 च्या रात्री हैदराबादेत कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, लिहिणारा हात तोडला, पहाटे ते गेले. बरोबरचे मेहुणे जखमी झाले. तीन आठवड्यांनी फौजा आल्या.

चित्रपटात ते कसे आणायचे, याचा घोळ आज सुटला. नट नाहीच घ्यायचा. नाक्यावरचा कारकून जुना ‘इमरोज’ उघडून बसलेला असतो, अमीन येताच तो अंक वहीखाली सारतो. दुसऱ्या दृश्यात तोच कारकून अमीनाच्या तोंडून बातमी ऐकतो. त्याचा चेहरा, बस. म्हणजे हसवणारा कारकून तिथं थांबतो. मामूंच्या नातवाला दृश्य वाचायला दिलं. त्यानं विचारलं, "सर, पेपर लपवताना थोडं हसू आणू का? म्हणजे नंतर लोकांना जास्त लागंल." अकरावीतलं पोर आहे!

24 ऑगस्ट, रविवार

रझाकार मिळाले. एका तिढ्याचं उत्तर दुसऱ्या तिढ्यातच होतं. चाचणीला आलेले ते दाढीवाले! दाढी तयार, डरकाळी तयार, वटारलेले डोळे तयार. मी सातांना निरोप पाठवला. आधी भडकले. "आम्ही राजांसाठी दाढी ठेवली सर, याच्यासाठी नाही." त्यांच्या म्होरक्याशी बराच वेळ बोललो. म्हणालो, वाईट माणूस वाईट दिसला नाही तर चांगल्याची किंमत कशी कळणार? घरात पणजीनं जे सोसलं ते लोकांना दाखवणार कोण, पुण्यामुंबईचे? शेवटचं त्याला पटलं. अट एकच घातली, पोस्टरवर फोटो नको. दिली कबुली.

पण शिकवण्याची एक गोष्ट राहिली होती. सातही जण मुसलमान वाटायचं म्हणजे काय करायचं, असं विचारत होते. मी म्हणालो, काही करायचं नाही. हातात सत्ता आलेला गावगुंड वाटा, तो तुम्ही पाहिलेला आहे. लगेच जमलं. इतकं जमलं की मला जरा धास्तीच वाटली.

26 ऑगस्ट

मामूंबरोबर धुराची चाचणी. गावाबाहेर, उघड्यावर, पाण्याची बादली आणि वाळू शेजारी. पोरांना त्यांनी जवळ येऊच दिलं नाही. तेरखेड्यात स्फोट म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नट हातात धरतील त्या बंदुका बाभळीच्या दस्त्याच्या आणि पाइपच्या, आतून रिकाम्या. बार होणार तो दूर, आडोशाला, मामूंच्याच हातानं.

त्यांनी आधी आजकालचा फटाका वाजवला. कडक आवाज, पांढरा लखलखाट, धूर लगेच विरला. "हा तुमचा फौजेचा." मग सोरा-गंधक-कोळशाच्या जुन्या काळ्या दारूचा बार. आवाज जाड, पोटात जाणारा, आणि धूर असा की समोरची बोरीबाभळी दिसेनात. "हा भरमारचा. रझाकारांकडं सगळ्यांकडं कुठून येणार फौजेच्या बंदुका? ठासणीच्या असायच्या. एक बार केला की दुसरा भरेस्तोवर धुरात उभा." पोलीस आणि फौजेच्या 303 रायफलींची दारू बिनधुराची, गावठी बंदुकीची धुराची. म्हणजे कुठल्या बाजूनं बार झाला हे प्रेक्षकाला धुरावरूनच कळेल! मोठमोठ्या चित्रपटांत सगळ्या बंदुका सारख्याच धुमसतात. तिथं मामू नसतात.

रणगाडे मात्र आवाक्याबाहेरचे. नळदुर्गही नको, परवानग्यांत महिना जाईल. फौजा फक्त ऐकू येतील. मळ्यामागं दोन हार्वेस्टर आणि सायलेन्सर काढलेला एक ट्रॅक्टर. कॅमेऱ्यासमोर बायका खुरपणी थांबवून ऐकतात, एवढंच दृश्य.

29 ऑगस्ट

गणपती बसले. यंदा आरतीचा आवाज खरंच ऐकू येतोय.

कपडे. फोटो काळेपांढरे असल्यामुळं भगव्यावर भांडण. दुकानातला भगवा झेंड्याचा, अंगावर घातला की पेटल्यासारखा दिसतो. संन्यासी तीच कफनी धुऊन धुऊन घालणार, शिवाय तुरुंग. मग खादीचं पांढरं कापड आणून काव आणि चहाच्या पाण्यात बुडवलं, तीन दिवस उन्हात टाकलं (ऊन निघालं तेव्हा). भानू अथैया कोल्हापूरच्या. 1983 साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. ‘गांधी’त कपडे दिसतच नाहीत, माणसं दिसतात, तेच त्यांचं यश. आमचा शिंपी हे ऐकून म्हणाला, "म्हणजे जितकं चांगलं शिवीन तितकं कुणाला कळणार नाही?" हो, म्हटलं. त्यानं शिलाई वाढवून मागितली.

झेंड्यांचे दोन प्रकार लागणार. 1938 च्या सत्याग्रहात चरख्याचा तिरंगा, 1947 मध्ये चक्राचा. 22 जुलै 1947 ला संविधान सभेनं चक्र स्वीकारलं. मंडळानं सगळीकडं चक्रच लावलं असतं. चरख्याचा शिवून घेतला. चक्राचा खादीचा, नांदेडहून मागवला.

रंगभूषेला बार्शीची एक मुलगी आहे, नवरी सजवते. तिला मी विक्रम गायकवाडांबद्दल सांगत होतो. ‘बालगंधर्व’साठी सुबोध भावेंच्या चेहऱ्यावर त्यांनी काय काम केलं होतं! राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला. याच मे महिन्यात गेले. ती म्हणाली, सर, मला फक्त गोरं करता येतं. म्हटलं, मग यंदा उलटं शीक, उन्हात रापलेलं कर. तिनं वाहकाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "यांना काहीच करायची गरज नाही."

2 सप्टेंबर

तालीम. स्वामीजी सिंदगीचे, तिकडं सगळीकडं कानडी. त्यांच्या मराठीत तो हेल असावा का? वाहकानं अक्कलकोट-गुलबर्गा गाडीवर काम केलंय, त्याला हेल येतो. करून दाखवला तर पोरं हसायला लागली. काढून टाकला. हसू आलं की माणूस गेला. पुढं कुठल्यातरी वाक्यात त्याच्या जिभेवर तो आपोआप येऊन जातो, तेवढा ठेवला.

नाक्याचं दृश्य सगळ्यांत छान बसतंय. स्वामीजी पुस्तकांचं गाठोडं घेऊन येतात. कारकून प्रत्येक पुस्तकाचं वजन करतो आणि करोडगिरी इंग्रजी कलदार रुपयांत घ्यायची की निजामाच्या हालीत, यावर स्वतःशीच वाद घालतो. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा हिशोब तो बोटांवर तीनदा चुकवतो. जुनी माणसं तालमीला येऊन बसतात आणि हिशोब दुरुस्त करतात. एक आजोबा उठून नटाला म्हणाले, "अरे, अमीन आल्यावर कारकून असा बसून राहत नसतो. टोपी घाल आधी." घातली.

7 सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज शूटिंग. पहाटे पाचला माळवदाच्या घरी. वर्गात सवण्यातून तो पट्टा पडेपर्यंत थांबलो, नऊ वाजले. वाहकाला एक दिवसाची रजा आहे, तेव्हा त्याची सगळी कामं आजच. उत्तम केलं. एकदाच गडबड झाली. सत्याग्रहाच्या दृश्यात गर्दी दाराशी अडकली आणि भगव्या कफनीतले स्वामीजी सवयीनं म्हणाले, "चला, मागं जागा आहे, सरकून घ्या." कॅमेरेवाला ते कापणार नाही म्हणतोय.

रझाकारांचा प्रवेश दुपारी. मामूंचा काळा धूर वाऱ्यानं उलटा आला आणि धुरातून ती सात पोरं बाहेर पडली, तेव्हा बघायला जमलेल्या बायका खरोखर मागं सरल्या. म्होरक्याची आई त्यांच्यात होती. ती नंतर त्याच्याशी बोलली नाही, डबा मात्र दिला.

8 सप्टेंबर

काल रात्री सामान आवरताना मामू म्हणाले, "मास्तर, सतरा तारखेला तुमचा सिनेमा कुठं थांबतो?" तिरंग्यावर, मी म्हणालो. "अच्छा." एवढंच.

ते काय विचारत होते हे मला कळतं. फौजांच्या त्या पोलीस कारवाईनंतर या भागात जे झालं ते गावच्या भाषणांत कधी येत नाही. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले असं नोंदवलं. उस्मानाबाद म्हणजे आपणच. मारले गेलेले बहुतेक रझाकार नव्हते, साधे मुसलमान होते. तो अहवाल कैक वर्षं दाबून ठेवला गेला. रझाकारांनी केलं ते खरं, फौज आली तेव्हा माणसं रडली-नाचली तेही खरं, आणि त्यानंतरचे आठवडेही खरे.

स्वामीजींवरच्या चित्रपटात त्याला जागा आहे का? मंडळ म्हणेल, आनंदाच्या दिवशी हे कशाला. त्यांचंही चूक नाही. दिवस त्यांच्या आजोबांनी कमावलेला आहे. पण रझाकारांच्या भूमिकेवरून गावात एवढी घालमेल झाली आणि या बाजूची भूमिका वाटायला घेतली तर कोण पुढं येईल, ते मला अजून दिसत नाही. इथं दाढी असून उपयोग नाही.

एक दृश्य लिहिलंय. तिरंगा वर जातो, त्यानंतर नाका. चौकी रिकामी, करोडगिरी संपली. कारकून वह्या बांधतोय. पलीकडून बार्शीहून परतणारे कार्यकर्ते येतात, त्यातला एक त्याला ओळखतो, आणि घरी एकटा जाऊ नकोस म्हणून त्याच्याबरोबर चालायला लागतो. संवाद नाहीत. दीड मिनिट. मामूंच्या नातवाला आज सकाळी वाचून दाखवलं. तो म्हणाला, चालेल, पण बरोबर चालणारा कोण? मी म्हणालो, तुझ्या मनात कोण आहे? त्यानं रझाकारांच्या म्होरक्याचं नाव घेतलं. दोघं एकाच वर्गात होते म्हणे. पण त्यासाठी त्याला दाढी काढावी लागेल, नाहीतर लोक ओळखतील.

उद्या संध्याकाळी मंडळाची बैठक. दृश्य स्वच्छ अक्षरात लिहून काढतोय, त्याच्या चार प्रती. म्होरक्याला निरोप गेलाय, बैठकीच्या आधी घरी ये म्हणून.